जुन्या संगणकावर डेबियनचं ग्राफिक्स अपग्रेड: पडदा काळा पडण्याआधी वाचा

आमच्या गावच्या अभ्यासिकेत सहा संगणक आहेत. सगळे कुणी ना कुणी दिलेले, सगळे जुने. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. पोलीस भरती आणि तलाठी भरतीची तयारी करणारे पोट्टे-पोट्ट्या सकाळी सहापासून येऊन बसतात. सहाही संगणकांवर डेबियन लिनक्स आणि एक्सएफसीई डेस्कटॉप. दिवाळीनंतर मी ते डेबियन १२ वरून १३ वर न्यायला घेतले आणि पहिल्याच संगणकाचा पडदा काळा झाला. दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्याने झाकणही न उघडता सांगितलं, "भाऊ, ग्राफिक्स गेलं. बोर्डच बदला." ग्राफिक्स गेलेलं नव्हतं. दोष सात ओळींच्या एका जुन्या फाइलचा होता आणि तो सापडायला मला दोन दिवस लागले. तुमचे ते दोन दिवस वाचावेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो. इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांतच टंका: सुडो (पुढची आज्ञा मालकाच्या अधिकाराने चालवतो) म्हणजे एस-यू-डी-ओ, ॲप्ट (पॅकेजं उतरवतो आणि बसवतो) म्हणजे ए-पी-टी. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. पडद्यापर्यंत काय काय लागतं ते समजून घ्या

शेतात स्प्रिंकलरला पाणी येत नसलं तर आपण आधी नोझल खोलत बसत नाही. डीपीवर लाईट आहे का, स्टार्टर उचलतो का, मोटर पाणी फेकते का हे बघतो, मग पाइप, शेवटी नोझल. पडद्याचंही तसंच आहे. सगळ्यात खाली कर्नलमधला, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यातला, ड्रायव्हर: इंटेलसाठी आय९१५, एएमडीसाठी रेडिऑन किंवा एएमडीजीपीयू, एनव्हिडियासाठी नूवो. त्याला लागणारं फर्मवेअर, म्हणजे खुद्द चिपमध्ये भरायचा छोटा प्रोग्रॅम, वेगळं. त्यावर मेसा, म्हणजे चित्र काढण्याचं काम ग्राफिक्स चिपकडून करून घेणारा संच. मग डिस्प्ले सर्व्हर, मग लॉगिनचा पडदा (आमच्याकडे लाइटडीएम) आणि सगळ्यात वर डेस्कटॉप. बिघाड शोधायचा तो नेहमी खालून वर.

डिस्प्ले सर्व्हर दोन प्रकारचे भेटतात. एक्स ही पद्धत १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झाली, तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची, आणि आपण आजही तीच एक्स११ वापरतो. तिचा चालू अवतार म्हणजे एक्सडॉटऑर्ग, बोली भाषेत झॉर्ग. दुसरी पद्धत वेलँड, २००८ पासूनची. डेबियनमध्ये ग्नोम घेतलं तर वेलँड मिळतं, एक्सएफसीई घेतलं तर झॉर्ग. जुन्या संगणकाला एक्सएफसीई आणि झॉर्ग हेच झेपतं, म्हणून पुढचं बरंचसं त्याबद्दल आहे.

२. सामान जमवा

- डेबियन लाइव्ह टाकलेला ८ जीबीचा पेनड्राइव्ह. काहीच सुरू झालं नाही तर यावरून डिस्क वाचता येते.
- बॅकअपसाठी दुसरी डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह.
- मोबाइल आणि त्याची डेटा केबल. यूएसबी टेदरिंगला वायफायचं फर्मवेअर लागत नाही, त्यामुळे अडचणीच्या वेळी नेटची हीच खात्रीची वाट.
- इन्व्हर्टर किंवा यूपीएस. त्याची बॅटरी खरंच किती वेळ टिकते ते आदल्या दिवशी बघून ठेवा.
- वही आणि पेन. मोबाइलमधली नोंद चालत नाही, कारण मोबाइल त्या वेळी नेट देण्यात अडकलेला असतो.
- मऊ ब्रश आणि पेचकस.

ब्रश कशाला ते सांगतो. आमची अभ्यासिका जिनिंगच्या रस्त्यावर आहे. वेचणीच्या दिवसांत कापसाच्या गाड्या दिवसभर जातात. पहिल्या संगणकाचं झाकण काढलं तेव्हा प्रोसेसरच्या पंख्यावर मळकट कापसाची गादी बसलेली होती, बोटाने उचलली तर अख्खी चकती निघून आली. असा पंखा हवा फेकत नाही, चिप तापते आणि पडदा गोठतो. मग माणूस दोष देतो नव्या ड्रायव्हरला. म्हणून आधी झाडलोट, मग अपग्रेड. उन्हाळ्यात करणार असाल तर सकाळी करा आणि कुलरचा ओला झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका.

३. आज काय चालू आहे ते वहीत लिहा

संगणक नीट चालतोय तेव्हाच टर्मिनल उघडा आणि ही उत्तरं वहीत उतरवा:

- ‘यूनेम -एम’: उत्तर एक्स८६_६४ आलं तर यंत्रणा ६४ बिटची, आय६८६ आलं तर ३२ बिटची.
- ‘एलएसपीसीआय -के’: व्हीजीए असं लिहिलेली ओळ शोधा. तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ या ओळीपुढे जे नाव असेल तो तुमचा ड्रायव्हर.
- ‘जीएलएक्सइन्फो -बी’: यातलं बी मोठं. आज्ञा सापडली नाही तर मेसा-यूटिल्स हे पॅकेज टाका. ‘ओपनजीएल रेंडरर’ ही ओळ लिहून घ्या.
- ‘डीएफ -एच’: डिस्कवर किती जागा मोकळी आहे. बूटचं विभाजन वेगळं असेल तर त्यात निदान ३०० एमबी रिकामी हवी.

रेंडररच्या ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर थांबा. याचा अर्थ ग्राफिक्स चिप रिकामी बसली आहे आणि सगळं चित्र प्रोसेसरच रंगवतोय. संगणक मंद चालण्याचं हे मोठं कारण असतं आणि ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्या पहिल्या संगणकात तेच होतं. मी ओळ वाचली, पण अर्थ तेव्हा माहीत नव्हता.

आय६८६ आलं असेल तर डेबियन १३ वर जाण्याचा विचार सोडा. ३२ बिटच्या संगणकांसाठी या आवृत्तीत इन्स्टॉलर नाही आणि कर्नलही नाही. मात्र एक तपासा: ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा देऊन ‘ऑप-मोड’च्या ओळीत ६४ बिट लिहिलंय का पाहा. प्रोसेसर ६४ बिटचा आणि वर टाकलेलं डेबियन मात्र ३२ बिटचं, असं पुष्कळदा असतं. तसं असेल तर बॅकअप घेऊन ६४ बिटचं डेबियन नव्याने टाका. चालत्या यंत्रणेचे बिट बदलण्याच्या फंदात पडू नका.

एनव्हिडियाचं जुनं कार्ड असेल आणि त्यावर कंपनीचा ३४० किंवा ३९० मालिकेचा ड्रायव्हर असेल, तर तो अपग्रेडच्या आधी काढून नूवोवर या. डेबियन १३ मध्ये या दोन्ही मालिका नाहीत. काढल्यानंतर ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ या फोल्डरमध्ये नूवोला बंदी घालणारी फाइल उरली आहे का, तेही बघा. ती राहिली तर नूवो सुरूच होत नाही.

४. अंधारात चालायचा सराव करा

ही पायरी कुठेच ठळक लिहिलेली मला सापडली नाही, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. पडदा काळा झाला म्हणजे संगणक बंद पडला असं नसतं. आत तो जागा असतो, आज्ञा ऐकत असतो. त्याच्याशी बोलायची दुसरी वाट चांगल्या दिवशीच पाठ करून ठेवायची.

पहिली वाट: कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन विचारलं जाईल. नाव टाका, पासवर्ड टाका. पासवर्ड टंकताना ठिपकेही उमटत नाहीत, घाबरू नका. परत येण्यासाठी कंट्रोल-ऑल्ट-एफ७. लाइटडीएम असेल तर बहुधा तिथेच डेस्कटॉप सापडतो.

आता आपल्या मराठी माणसांची खास अडचण. यंत्रणेची भाषा मराठी ठेवली असेल तर या साध्या कन्सोलवर सगळे संदेश चौकोन-चौकोन दिसतात, कारण तिथे देवनागरी उमटतच नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डिस्कच खराब झाली असं वाटलं होतं. उपाय एका ओळीचा आहे: ‘एक्स्पोर्ट लँग=सी’. यात लँग आणि सी दोन्ही मोठ्या अक्षरांत. मग संदेश इंग्रजीत येतात आणि वाचता येतात.

दुसरी वाट: दुसऱ्या यंत्रावरून आत शिरू देणारं ओपनएसएसएच-सर्व्हर हे पॅकेज टाकून ठेवा, ‘आयपी ए’ या आज्ञेने संगणकाचा पत्ता वहीत लिहा, आणि शेजारच्या संगणकावरून किंवा मोबाइलमधल्या टर्मक्स या टर्मिनल ॲपमधून ‘एसएसएच’ने त्यात शिरून बघा. पडदा पूर्ण मेला, कळफलकही ऐकेना, तरी इथून काम होतं. पत्ता बदलत राहतो, म्हणून अपग्रेडच्या दिवशी पुन्हा पाहून लिहा.

दोन्ही वाटांनी दोन-तीनदा आत-बाहेर करा. हात बसल्याशिवाय पुढची पायरी घेऊ नका.

५. बॅकअप आणि जुन्या फाइलींची झडती

घरचं फोल्डर आणि ‘/ईटीसी’ ही दोन्ही बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग दोन जागा तपासा: ‘/ईटीसी/एक्स११’ मध्ये (यातला एक्स मोठा) ‘झॉर्ग.कॉन्फ’ नावाची फाइल आहे का (टंकताना एक्स-ओ-आर-जी), आणि ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ मध्ये ‘नोमोडसेट’ हा शब्द आहे का. ग्रब म्हणजे संगणक सुरू होताना कर्नल निवडून देणारा प्रोग्रॅम, आणि नोमोडसेट म्हणजे कर्नलने आपला ग्राफिक्स ड्रायव्हर सुरू करू नये असा हुकूम.

आजच्या झॉर्गला ही फाइल बहुतेक वेळा लागतच नाही, कार्ड-मॉनिटर तो स्वतः ओळखतो. पण आधीच्या मालकाने कधीतरी अडचण आली म्हणून ती हाताने लिहिलेली असते आणि ती तशीच पडून राहते. आमचं तेच झालं. कुणीतरी झॉर्ग.कॉन्फमध्ये वेसा हा कामचलाऊ ड्रायव्हर सांगून ठेवला होता आणि त्याच्या जोडीला ग्रबमध्ये नोमोडसेट टाकलं होतं. दोघं एकमेकांच्या आधाराने उभे होते. अपग्रेडमध्ये ग्रबची फाइल बदलू का असं विचारलं गेलं, मी हो म्हटलं. नोमोडसेट गेलं, कर्नलने इंटेलचा खरा ड्रायव्हर सुरू केला. तो चालू असताना वेसा सुरू व्हायला नकार देतो. फाइल तर वेसाच हवा म्हणते. पडदा काळा.

म्हणून अपग्रेडच्या आधीच झॉर्ग.कॉन्फचं नाव बदलून ठेवा, नोमोडसेट काढा, ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या आणि संगणक पुन्हा सुरू करून बघा. बिघडलंच तर कारण एकच असेल आणि ते तुम्हाला माहीत असेल.

६. सामान रात्री उतरवा, बसवा सकाळी

आधी आहे ती आवृत्ती पूर्ण अद्ययावत करा: ‘सुडो ॲप्ट अपडेट’, मग ‘सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड’, मग रीस्टार्ट. त्यानंतर ‘/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट’ उघडून प्रत्येक ‘बुकवर्म’च्या (डेबियन १२ चं नाव) जागी ‘ट्रिक्सी’ (१३ चं नाव) लिहा. सुरक्षेची ओळ विसरू नका. ओळीच्या शेवटी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ आहे का पाहा. डेबियन १२ पासून फर्मवेअरचा हा वेगळा कप्पा झाला आहे. डेबियनच्या बाहेरून पॅकेजं देणाऱ्या भांडारांच्या ओळी तात्पुरत्या बंद करा.

इथला मोठा सापळा म्हणजे "फक्त मेसा नवीन घेतो, बाकी जुनंच राहू देतो" हा मोह. एका आवृत्तीत दुसरीची पॅकेजं कालवू नका. मेसा सोबत इतर लायब्ररी ओढतो, त्या आणखी काही ओढतात, आणि शेवटी यंत्रणा धड इकडची राहत नाही ना तिकडची.

आता पुन्हा ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि मग ‘सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली’. यात पॅकेजं फक्त उतरतात, बसत नाहीत. किती एमबी लागणार तो आकडा ॲप्ट आधीच सांगतो. दिवसाच्या डेटात बसत नसेल तर दोन रात्रींत करा. मध्येच नेट गेलं तरी चालतं, आज्ञा पुन्हा दिली की राहिलेलंच उतरतं. आमच्याकडे रात्री अकरानंतर नेट धावतं, तेव्हाच मी हे केलं.

संगणक एकाहून जास्त असतील तर बसवण्याच्या आधी ‘/व्हार/कॅशे/ॲप्ट/आर्काइव्ह्ज’ मधल्या सगळ्या डेब फाइली पेनड्राइव्हवर घ्या. आधीच घ्या, कारण बसवून झाल्यावर ॲप्ट त्या पुसून टाकतो. दुसऱ्या संगणकात त्याच फोल्डरमध्ये टाकल्या की तिथे जवळपास काहीच उतरवावं लागत नाही. सहा संगणकांचं काम एकाच्या डेटात झालं.

७. बसवणं

लाईट आलेली असावी, इन्व्हर्टर भरलेला असावा. डेस्कटॉपमधल्या टर्मिनलवरून बसवू नका. मधेच लॉगिनचा पडदा रीस्टार्ट झाला तर टर्मिनल जातं आणि अपग्रेड अर्ध्यावर तुटतं. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ वर या, भाषा बदला, आणि ‘सुडो सिस्टिमसीटीएल आयसोलेट मल्टी-यूजर.टार्गेट’ देऊन डेस्कटॉप बंद करा. मग दोन टप्प्यांत:

‘सुडो ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस’
‘सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड’

मध्ये प्रश्न विचारले जातील. एखादी सेटिंग फाइल तुमची ठेवू की नवीन घेऊ असं विचारलं तर ‘डी’ दाबून फरक वाचा. समजलं नाही तर आपलीच ठेवा. कोणत्या फाइलीला काय उत्तर दिलं ते वहीत लिहा. माझं उत्तर लिहिलेलं असतं तर दोन दिवस गेले नसते.

मधेच लाईट गेलीच तर पुन्हा सुरू करून ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ द्या. तिसऱ्या संगणकावर मला हे करावं लागलं, दहा मिनिटांत गाडी रुळावर आली.

संपल्यावर फर्मवेअर बघा. एएमडीसाठी फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स. इंटेल आणि एनव्हिडियाचं फर्मवेअर डेबियन १३ मध्ये स्वतंत्र पॅकेजांत आलं आहे: फर्मवेअर-इंटेल-ग्राफिक्स आणि फर्मवेअर-एनव्हिडिया-ग्राफिक्स. मगच रीस्टार्ट.

८. तरीही पडदा काळा असेल तर

खालून वर जा.

ग्रबची यादीही दिसत नसेल तर केबल किंवा मॉनिटर बघा, तिथे सॉफ्टवेअरचा संबंध नाही. ग्रब दिसतो आणि पुढे अंधार होतो, तर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुनं कर्नल निवडा. त्यानेही नाही झालं तर ग्रबच्या ओळीवर ‘ई’ दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा आणि एफ१० दाबा. हे त्या एका वेळेपुरतंच राहतं आणि तसंच राहू द्या. कायम केलं तर पुन्हा एलएलव्हीएमपाइप गळ्यात पडतं.

आत शिरलात की ‘सुडो डीमेसेज’ (डी-एम-ई-एस-जी) मध्ये डीआरएम, म्हणजे कर्नलचा ग्राफिक्स विभाग, असलेल्या ओळी वाचा. फर्मवेअर सापडलं नाही अशी तक्रार असेल तर ती फाइलीच्या नावासकट तिथेच असते. तिथे सगळं ठीक असेल तर ‘/व्हार/लॉग/झॉर्ग.०.लॉग’ उघडा (यातला एक्स मोठा) आणि कंसात दोन ई असलेल्या ओळी शोधा. त्या चुकीच्या ओळी. आमच्याकडे शेवटची ओळ होती ‘नो स्क्रीन्स फाउंड’, पण खरं कारण तिच्या वर होतं: कर्नलचा ड्रायव्हर चालू असल्यामुळे वेसाने नकार दिला होता. शेवटची ओळ वाचून थांबू नका, नेहमी पहिली दोन-ई ओळ शोधा. मी झॉर्ग.कॉन्फचं नाव बदललं, ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट लाइटडीएम’ दिलं आणि चार सेकंदांत पडदा उजळला. त्यानंतर जीएलएक्सइन्फोने एलएलव्हीएमपाइपच्या जागी इंटेल जी४१ चं नाव दाखवलं. ज्या बोर्डाला दुरुस्तीवाल्याने गेलेला ठरवलं, त्याची ग्राफिक्स चिप इतक्या वर्षांत पहिल्यांदा कामाला लागली होती.

लॉगिनचा पडदा येतो, पासवर्ड घेतो आणि परत तिथेच येतो? दोन कारणं आधी तपासा. डिस्क भरली आहे का, आणि घरच्या फोल्डरमधली ‘.एक्सऑथॉरिटी’ (यातला एक्स मोठा) ही फाइल रूटच्या, म्हणजे यंत्रणेच्या मालक-खात्याच्या, नावावर गेली आहे का. कुणी सुडो लावून डेस्कटॉप सुरू केला की हे होतं. ‘सुडो चोन’ने (सी-एच-ओ-डब्ल्यू-एन) ती पुन्हा आपल्या नावावर करा.

इंटेलचा पडदा लुकलुकतो किंवा फाटल्यासारखा दिसतो तेव्हा एक्ससर्व्हर-झॉर्ग-व्हिडिओ-इंटेल हे जुनं पॅकेज काढून बघा. झॉर्ग मग आपला मोडसेटिंग ड्रायव्हर घेतो, आणि आमच्या दोन संगणकांवर तोच बरा चालला.

पडदा आला, पण अक्षरं मोठी आणि १०२४ बाय ७६८ च्या पुढे जात नाही? व्हीजीएची केबल बदलून बघा. स्वस्त केबलीत मॉनिटरची ओळख सांगणारी पिन जोडलेली नसते आणि संगणकाला मॉनिटर कोणता ते कळतच नाही.

९. मराठी तपासा

टेक्स्ट एडिटर उघडून ‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘क्षितिज’, ‘ज्ञान’ हे शब्द टंका. वऱ्हाडमधला अर्धा र नीट वळला नाही तर फाँट्स-लोहित-देवा किंवा नोटोचे फाँट टाका. मराठी टंकायची सोय देणारा आयबस सुरू होतोय का, इनस्क्रिप्टची कळ बदलते का, हेही बघा. ग्नोमच्या वेलँडवर गेला असाल तर पडद्याचा आकार बदलणारी एक्सरँडर ही आज्ञा पूर्वीसारखी चालणार नाही, तो सेटिंग्जमधूनच बदलावा लागतो.

जुनं कर्नल लगेच पुसू नका. मी महिनाभर राहू दिलं, रोज पोट्टे बसत होते, एकदाही पडदा गोठला नाही, तेव्हा ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ दिलं. प्रत्येक संगणकाच्या कॅबिनेटच्या आत एक चिठ्ठी चिकटवली आहे: ड्रायव्हरचं नाव, अपग्रेडची तारीख, कोणती फाइल बदलली, पंखा कधी साफ केला. पहिल्या संगणकाच्या चिठ्ठीवर खाली वेगळ्या शाईत लिहिलंय, ‘झॉर्ग.कॉन्फ परत टाकू नये.’